परीक्षा झाल्यावरच उघडणे

दोन वर्षं मी ज्या डब्याकडे बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हे माझ्या बाबांचं अक्षर' म्हणून सांगत होतो, तो डबा खोटा होता. हे मला आईने सांगितलं, मटार सोलता सोलता. सांगून झाल्यावर तिने पुढची शेंग उचलली.

मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते. कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, परत खोचायची. या छंदातल्या माणसांचे दोन पंथ आहेत. एक सुट्या कॅसेटवाल्यांचा, दुसरा डबेवाल्यांचा. सुटी कॅसेट जुन्या बाजारात सतरंजीवर नळाच्या तोट्यांशेजारी पडलेली मिळते. तिचा मूळ पुठ्ठ्याचा डबा, आत ती बसवायचा साचा आणि माहितीपुस्तिका असं सगळं एकत्र मिळणं म्हणजे नशीब. कारण आपल्याकडे डबा पहिल्याच दिवशी फाटतो, आणि फाटला नाही तर त्यात आई बटणं ठेवते. मी डबेवाला. सुट्या कॅसेटवाले आम्हाला पुठ्ठ्याचे पुजारी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही.

मी डबेवाला झालो तो बाबांमुळे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आयुष्यात एकदाच विमानात बसले. कंपनीच्या साहेबांबरोबर यंत्राचे सुटे भाग ताब्यात घ्यायला सिंगापूरला गेले होते तेव्हा. येताना त्यांनी माझ्यासाठी एक गेम आणला. तळहाताएवढा, कोरा करकरीत डबा, पुढे टोपली घेतलेल्या बेडकाचं चित्र आणि सगळा मजकूर जपानीत. तेव्हा मी सातवीत होतो आणि वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर होती. मंडईजवळच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी तो डबा टीव्हीशेजारी, मला रोज दिसेल असा ठेवला. मागच्या पांढऱ्या जागेत बॉलपेनने लिहिलं होतं: 'चि. यास. वार्षिक परीक्षा झाल्यावरच उघडणे. आधी उघडल्यास माल जप्त.' खाली कारखान्यातल्या चलनावर करायचे तशी सही.

दोन महिने मी तो डबा नुसता बघितला. उचलायचो, हलवायचो, परत ठेवायचो. त्या बेडकाची एक पूर्ण गोष्ट मी मनाने रचली. परीक्षा संपली त्या दुपारी डबा उघडला तर खेळ यथातथाच निघाला. बेडूक टोपलीत आंबे गोळा करतो आणि मरतो, एवढंच. पण डबा मी टाकला नाही. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी आयुष्यभर हजारो चलनं लिहिली, पण मला उद्देशून लिहिलेल्या या दोन ओळीच. आमच्या घरात पत्र लिहिण्याएवढं लांब कोणी गेलंच नाही.

आता माझ्या एका मित्राचं सांगतो. आमची ओळख जुन्या बाजारात एकाच कॅसेटवर दोघांचे हात पडले तेव्हाची. त्याला पंधरा वर्षं झाली. तो खोकी छापणाऱ्या प्रेसमध्ये डिझाइनचं काम बघतो. औषधांची, अगरबत्तीची, मिठाईची खोकी. हात विलक्षण कसबी. फाटक्या डब्याचे चार तुकडे नेऊन दिले तर तो स्कॅन करून, रंग जुळवून असा नवा डबा करून आणतो की बघत राहावं. आमच्या दहा-बारा जणांच्या गटात अशा नकलांचं पेव फुटलं तेव्हा त्यानेच नियम घालून दिला: नकली डबा करणाऱ्याने तळाच्या आतल्या घडीवर पेन्सिलीने 'न' लिहायचा, म्हणजे पुढे कोणी कोणाला फसवायला नको. आम्हाला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! बाबा गेले तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत तो होता. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी यायचा, आईशी क्रिकेटबद्दल बोलत बसायचा. हे सगळं सांगायचं कारण, परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे मला ती सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तोच म्हणाला, "बॉलपेनची शाई उडते रे. काकांचं अक्षर एकदा चांगलं स्कॅन करून ठेवू." मी डबा दिला. कॅसेट आणि पुस्तिका माझ्याकडेच ठेवली, नुसता रिकामा डबा दिला. आठ दिवसांनी त्याने तो परत आणला तो जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत घालून, कडेला गोल स्टिकर चिकटवून. "आता हवा लागणार नाही. उघडू नकोस उगाच," म्हणाला. मला इतकं भरून आलं की मी त्याला जेवायलाच थांबवलं. आईने अळूवड्या केल्या होत्या.

आणि मी खरंच उघडला नाही. डबेवाल्यांची ही खोड जगजाहीर आहे. जी वस्तू जिवापलीकडे जपायची, तिला आम्ही हातच लावत नाही. कोथरूडच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर फळी लावली, वर छोटा दिवा बसवला, आणि डब्याची मागची बाजू पुढे करून ठेवली. कॅसेट आणि पुस्तिका कपाटात, वेगळ्या पिशवीत. सगळं एकत्र करायचंही मला सुचलं नाही. पेटी उघडावी लागली असती ना.

यंदा हॉल रंगवायला काढला म्हणून फळीवरचं सगळं जेवणाच्या टेबलावर आलं. आई मटार सोलत होती. म्हणाली, "तो जरा हातात दे."

"आई, हात ओले आहेत तुझे."

तिने पदराला हात पुसले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी स्टिकर काढला. तिने डबा घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग एक बोट डब्याच्या आत घालून पुठ्ठा मागून चाचपला. "हे त्यांचं नाही," म्हणाली.

"अगं, अक्षर बघ की."

"अक्षर त्यांचंच आहे. लिहिलेलं त्यांनी नाही. तीन कार्बन घालून चौथ्या कागदावर उमटेल असं लिहिणारा माणूस तो. वाण्याची यादी लिहिली तरी खालच्या चार पानांवर वाचता यायची. ह्याच्या मागे काही लागतंय का हाताला?"

मी बोट घातलं. काही लागलं नाही. तळाची घडी उलगडली. तिथे पेन्सिलीने, बारीक, व्यवस्थित 'न' लिहिलेला होता. आईने पुढची शेंग उचलली आणि विचारलं, "त्याच्याकडे दिला होतास ना?"

मी तसाच स्कूटर काढून प्रेसवर गेलो. तो संगणकासमोर बसून कुठल्याशा चिवड्याच्या खोक्यावरचा शेंगदाणा मोठा करत होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "माझा कुठे आहे?"

त्याने न समजल्याचं नाटक केलं नाही, एवढं मान्य करायला हवं. डबा उचलून तळ उघडला आणि घडी माझ्यासमोर धरली. "नियम काय आपला? लिहिलाय की नाही?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू उघडून बघितलं नाहीस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बिबवेवाडीचे ते हार्डवेअरवाले आहेत ना, त्यांच्याकडे तो टीव्हीवर नेम धरायच्या बंदुकीसकटचा पूर्ण सेट होता, डबाबंद. मी किती वर्षं त्याच्या मागे होतो तुला माहितीये. त्यांच्याकडे बेडकाची कॅसेट होती, पुस्तिका होती, फक्त डबा नव्हता. ते अदलाबदलीला तयार झाले. म्हटलं, तुला दोन दिवसांत कळेल, बोंबलत येशील, मग बघू काय करायचं ते. तू आलाच नाहीस. महिना झाला, वर्ष झालं. मग मला वाटलं, ह्याला काय, भिंतीवर काहीतरी दिसलं की झालं."

मला त्याच्या कानाखाली आवाज काढायचा होता. ते जमलं नाही, कारण त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. केसाने गळा कापला आणि वर केस माझाच होता असं सांगत होता. "आमच्या बाबांना खांदा दिलायस तू," एवढंच मी म्हणालो. नकली डबा त्याच्या टेबलावर फेकला, "ही तुझी कारागिरी ठेव तुलाच," असं म्हणालो आणि निघालो. यापुढे त्याचं तोंड बघायचं नाही हे प्रेसचा जिना उतरतानाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीला गेलो. दुकानाचे मालक साठीचे, अतिशय सज्जन गृहस्थ. गटात महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, मागे बसायचे, वहीत टिपून घ्यायचे. डबा बघायचाय म्हटल्यावर ते एवढे खूश झाले की गिऱ्हाईक नोकरावर सोडून मला वरच्या मजल्यावर घरी घेऊन गेले. काचेच्या कपाटातून त्यांनी डबा काढला, स्वतः उघडला, आत कॅसेट, साचा, पुस्तिका. "पूर्ण!" म्हणाले.

मी मागची बाजू बघितली. पांढरी होती.

"तिथे कोणीतरी पेनने काहीबाही लिहून ठेवलं होतं," ते म्हणाले. "एवढा सुंदर डबा, आणि लोकांना अक्कल नसते बघा. सगळं काढलं मी. तुमच्याकडूनच तर शिकलो! स्पिरिट, कापसाचा बोळा, आणि घाई करायची नाही. मागून थोडं उठलेलं होतं, म्हणून कागद ठेवून हलकी इस्त्रीही फिरवली. हात लावून बघा, कळतसुद्धा नाही."

ते प्रात्यक्षिक मीच दिलं होतं, सगळ्या गटासमोर. कॅसेटच्या लेबलांवर मुलांनी नावं लिहिलेली असतात, इयत्ता, तुकडी, कधी घरचा पत्ता. ती आम्हाला डाग वाटतात. मी आजवर किती मुलांची नावं अशी बोळ्याने पुसून टाकली असतील! त्यांतलं एखादं तरी कोणाच्या वडिलांनी लिहिलेलं असेल, असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

मी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, मग आत घालून मागून. गुळगुळीत. "ते माझ्या वडिलांनी लिहिलं होतं," मी म्हणालो. मला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

बिचाऱ्यांना काही कल्पनाच नव्हती. मित्राने त्यांना डबा जुन्या बाजारातला म्हणून सांगितला होता. "अहो, घेऊन जा तुम्ही. आत्ताच्या आत्ता घेऊन जा," म्हणत ते डबा माझ्या हातात कोंबायला लागले. बाबांनी सिंगापूरहून आणलेला तोच डबा होता तो, याबद्दल शंका नव्हती. डबेवाल्याने नको म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण कोरा डबा घेऊन मी काय करणार होतो? मी तो त्यांच्या कपाटात परत ठेवला, त्यांनी आग्रहाने दिलेला चहा घेतला आणि घरी आलो.

आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग त्यांचं अक्षर आता कुठे आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. बाबांच्या त्या ओळी आता जगात एकाच पुठ्ठ्यावर होत्या, आणि तो नकली डबा मी स्वतःच्या हाताने मित्राच्या टेबलावर फेकून आलो होतो. कचऱ्यात गेला असेल तर? या विचाराने मला जेवण जाईना. राग तसूभर कमी झाला नव्हता. आजही नाही. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मेसेज केला: 'तो डबा आहे का?' दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आहे. ये.'

प्रेसवर गेलो. त्याने डबा नव्या पेटीत घालून ठेवला होता. फेकताना दुमडलेला कोपराही सरळ केला होता. सोबत स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर घातली होती. बिबवेवाडीला काय झालं ते त्याच्या कानावर आलेलं दिसत होतं, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता. मी दोन्ही हातांनी पेटी घेतली.

"आता तरी नीट जप," तो म्हणाला.

मी "हो" म्हणालो.