मायनं आणलेला फेस

वाळूजच्या एका कंपनीत मी इंजेक्शनच्या बाटल्या उजेडासमोर धरून तपासतो. औषधातलं प्रथिन लई नाजूक असतं. जोरात हलवलं, फेसाळलं की त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि औषध वाया जातं. तसं होऊ नये म्हणून त्यात एक पदार्थ अगदी थोडासा घालतात. तो प्रथिनाला सांभाळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. हे सगळं मला पाठ आहे. तरी मायला सांगताना माझी अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. मी म्हणालो, "साबणासारखंच असतं ते."

तिच्या सांधेवाताचं इंजेक्शन मी बर्फाच्या डब्यातून सोयगावला नेलं होतं. ती म्हणाली, "साबण टोचून घेऊ व्हय अंगात?"

मी समजावलं, चिडलो, शेवटी हात जोडले. ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, पटलं.

सकाळी नर्सबाई यायच्या आधी मायनंच बाटली माझ्यापुढं धरली. ताक घुसळावं तशी तिनं ती हलवली होती. आत गळ्यापर्यंत फेस.

"बघ, साबणच हाय. मला येडी समजतो व्हय?"

मी सवयीनं बाटली खिडकीशी धरली. पाण्यासारख्या औषधात पांढरे कण तरंगत होते.

"हे आता टोचून घेऊ नको," मी म्हणालो.

"मंग," माय म्हणाली, "मी कालपासून काय सांगायले?"