अळंबी आणि सकाळची हाक

राहुरीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आईनं वाळवलेल्या अळंब्यांची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाली, "पाटलीनबाईला सांगून न्हाई आलास. लई माया हाय रं तिची आपल्यावर." मी एसटीत चढलो. आज बोलतो. गावात राहिलेल्यांनी ऐकावं. माझ्यासारखे शहरात आलेत त्यांनी तर ऐकावंच.

आमच्या बौद्धवाड्यामागे पाटलाच्या बांधावर वारुळं होती. श्रावणात त्यांवर अळंब्या फुटायच्या. आई एकेक हुंगायची, देठ मोडून बघायची, जरा संशय आला की फेकायची. निम्म्या पाटलाकडे पोचवायच्या, बांध त्यांचा ना! उरलेल्या आमच्या कढईत, लसूण आणि लाल मिरची घालून. आई-बाप, मी नि धाकटी बहीण, आम्ही चौघं एका ताटात तुटून पडायचो. कोण आधी, कोण मागून, असलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाई बांधावरून हाक मारायची, "रखमे, उठली का गं समदी?"

"व्हय बाई, उठली!" आई ओरडायची.

मगच तिकडं अळंबी चुलीवर चढायची. मी गाढव मॅट्रिक होईपर्यंत समजत होतो, बाई आमची खुशाली विचारते. शेवटी पाटलाचा गडीच हसत म्हणाला, "येड्या, तुमी जगला का मेला, ते बघती ती!" आमच्या हातानं पाणी बाटायचं. आमच्या पोटात पारखलेली अळंबी मात्र चालायची.

पुण्यात खोलीवर आम्ही तिघं कार्यकर्ते. समतेची पत्रकं सायक्लोस्टाईल करतो. एका रविवारी मी स्टोव्हवर आईच्या अळंब्या रांधल्या. वासानं दोघंही जवळ सरकून बसले. मग एकानं हात आखडला. "विषारी नाहीत ना रे? तू खा आधी. आम्ही तासभर बघतो." दुसरा खो खो हसला. शेजारी उद्याच्या सभेची पत्रकं वाळत पडली होती, शाई अजून ओली.

"बघत बसा," म्हटलं, आणि पातेलं पुढ्यात ओढून एकट्यानं चाटूनपुसून खाल्लं.

आई, धाकटी हे तुला वाचून दाखवेल. घर कुठं, असं कुणी विचारलं की मला फक्त तुझं ते ताट आठवतं, चौघांचे हात एकदम पडायचे ते. यंदा दुष्काळानं वारुळं कोरडी आहेत. पण कधीतरी फुटतील, आणि बाई सकाळी हाक मारेल. समदी उठलेली असाल. ओ देऊ नकोस.