कारखान्याच्या उतरणीवरची लोकर

मन्नूबियाने धुतलेल्या लोकरीवर आमचं अर्धं महदिया गाव झोपतं, असं गावात म्हणायचे, आणि त्यात फारसं वाढवून सांगितलेलं नव्हतं. पोरीचं लग्न ठरलं की आया आधी तिच्या दारात यायच्या, सोनाराकडे नंतर. उन्हाळ्यात औसू लागला, म्हणजे समुद्राच्या पाण्याला औषधाचा गुण येतो ते दिवस आले, की लोकरीची गाठोडी डोक्यावर घेऊन बायका तिच्यामागून किनाऱ्यावर उतरायच्या. नवरीच्या गादीची लोकर औसूच्याच पाण्यात धुवायची. तशी धुतली नाही तर गादी संसाराला लाभत नाही, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीतच होतं. सगळी आळी मन्नूबियाला उम्मी म्हणायची, म्हणजे आई. तिच्याहून मोठ्या बायकाही म्हणायच्या आणि तिला त्याचा भारी राग यायचा.

तोंडाने ती फटकळ होती. कुणी चिकट, काट्याकुट्यांनी भरलेली लोकर आणली की सरळ विचारायची, "ही मेंढीची आहे की तुझ्या नवऱ्याच्या दाढीची?" पण हात लावला की अशी लावायची, जणू तान्ह्या मुलाला न्हाऊ घालते आहे. थापी हलकी मारायची, पिळायचं नाही, आणि एका हंगामात लोकर एकदाच धुवायची. दुसऱ्यांदा पाण्यात घातली तर लोकर रुसते, असं ती प्रत्येक नव्या पोरीला बजावायची.

तिची जागा ठरलेली होती. किनाऱ्यावर इटालियन मालकाच्या वेळचा सार्डिन मासळीचा कारखाना आहे, त्याच्यापुढची दगडी उतरण. पूर्वी तिथे होड्या लागायच्या. खाली समुद्र आणि वर कारखान्याच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर. खाऱ्या पाण्याने मळ काढायचा, मग गोड्या पाण्याने मीठ काढायचं. दोन्ही प्रकारचं पाणी हाकेच्या अंतरावर मिळेल अशी दुसरी जागा अख्ख्या किनाऱ्यावर नाही. लग्नाआधी मन्नूबिया त्याच कारखान्यात मासळीला मीठ लावायची. कारखाना बंद पडला, नवरा रमदान होडीवर जायचा तो पुढे वारला, पण ती उतरण काही तिच्याकडून सुटली नाही.

आणि मग राजधानीतल्या, ट्युनिसच्या एका कंपनीने कारखाना घेतला. जुनं तसंच राखून, डागडुजी करून, आत समुद्राकाठचे महागडे फ्लॅट करायचे म्हणे. बोर्ड लागला, त्यावर कारखान्याचं धुराडं सोनेरी रंगात काढलेलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका बोर्डासमोर उभ्या राहून पोट धरून हसल्या. ज्या दालनात काम केलं की अंगाचा वास जाईना म्हणून पोरी लग्नाआधी महिनाभर रजा घ्यायच्या, तिथे आता श्रीमंतांचं शेजघर होणार होतं. पण काम चांगलं केलं बरं का, उगाच नावं ठेवायला नकोत. भिंतींचं सिमेंट खरवडून जुना दगड मोकळा केला, कमानी सावरल्या, मासळी टांगायच्या गंजक्या आकड्यांनासुद्धा तेल लावून दिवे अडकवले. फक्त भोवताली कुंपण घातलं, आणि उतरण कुंपणाच्या आत गेली.

नेमकं त्याच उन्हाळ्यात मन्नूबियाची मुलगी, दोरसाफ, हिचं लग्न ठरलेलं. दोरसाफ औषधांच्या दुकानात कामाला, तिशी ओलांडलेली. सगळ्या गावातल्या पोरींच्या गाद्या करून झाल्यावर आता कुठे मन्नूबियाच्या घरची पाळी आली होती. चांगली लांब धाग्याची लोकर तिने हिवाळ्यातच घेऊन गच्चीवर ठेवली होती. औसू लागला आणि ती लोकर धुवायला जागा नव्हती.

ती गेली अनीसकडे. अनीस त्या कामावरचा व्यवस्थापक, आमच्याच आळीतला, त्याच्या आईची गादीही हिच्याच हातची.

"उम्मी, मला लाजवू नकोस," तो म्हणाला. "गेट माझं असतं तर किल्ली तुझ्या पदराला बांधली असती."

"तुझं नाही तर कुणाचं आहे? त्याला बोलाव."

ज्या आल्या त्या इनेस मॅडम. फ्लॅट विकायचं काम त्यांच्याकडे. ट्युनिसच्या, बोलायला गोड, पायात पांढऱ्या चपला. त्यांनी मन्नूबियाला वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही खुशाल धुवा, आजी. फक्त शनिवारी सकाळी धुवा. शनिवारी गिऱ्हाइकं येतात. आणि जरा आपला जुना पोशाख करून या."

"म्हणजे मी धुवायचं आणि त्यांनी बघायचं?"

"जुनी इमारत, जुनं काम. लोकांना बरं वाटतं."

"मला गेट उघडं पाहिजे. तुमच्या लोकांना बघायचं तर बघू देत, मला काय, समुद्रही बघतोच की."

पहिल्या शनिवारी ती लाल पट्ट्यांचा रेशमी पोशाख घालून, कानामागे मोगऱ्याचा गुच्छ खोचून गेली. शेजारच्या बायका दारांत उभ्या. "उम्मी, सिनेमा कधी लागतो ते सांग," कुणीतरी म्हणालं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. उतरणीवर बसून दोरसाफची लोकर तिने अशी धुतली की आयुष्यात तशी कुणाची धुतली नसेल. गिऱ्हाइकं वर उभी, फोन काढून फोटो घेत होती. एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईने तर खाली येऊन तिचा हात हातात घेतला. मन्नूबियाच्या हाताचं असं कौतुक कुणी आजवर केलं नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. घरी येऊन ती दोरसाफला म्हणाली, "काय गं, माझे हात सुंदर आहेत का?" आणि स्वतःच हसली.

दुसऱ्या शनिवारी धुवायला लोकरच नव्हती. मन्नूबियाने आळीत विचारलं, पण कुणाचं लग्न थंडीत, कुणाची लोकर अजून यायची. ती गेटवर सांगायला गेली.

"तीच पुन्हा धुवा ना," इनेस मॅडम म्हणाल्या. "कुणाला काय कळतंय? आज बारा मोटारी आल्यात."

"एकदा धुतलेली धुवत नाहीत."

"नुसतं पाण्यात बुडवून काढा. तुमच्यासाठी तर आम्ही गेट उघडं ठेवलंय, आजी."

हे बोलणं गोड होतं पण त्यात काय होतं ते तिला कळलं. थंडीतल्या लग्नांची लोकर अजून यायची होती, गेट लागलं असतं तर त्या पोरींनी कुठे जायचं? हे एक. आणि वर माणसं उभी होती, पोशाख अंगावर होता, हेही एक. तिने घरून लोकर आणली. नुसती बुडवायची म्हणून बसली, पण वरून कुणी म्हणालं, ते लाकडाने मारतात ते करा की. तिने थापी उचलली. त्यानंतरच्या शनिवारी इनेस मॅडमनी साबणाचा फेस छान दिसतो म्हणून साबण आणून ठेवला होता, तिने तोही चोळला. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली उतरायचं भान राहत नाही, तसं तिचं झालं.

लोकर वाळल्यावर पिंजायला म्हणून तिने गच्चीवर जाऊन लोकरीत हात घातला, आणि हात तसाच राहिला. लोकर सुटेना. धागा धाग्यात गुंतून दगडासारखे गोळे झाले होते. खोगिराखाली घालतात त्या नमद्यासारखे. तिने एक गोळा दातांनी ओढून पाहिला. दुसरा पायाखाली धरून ओढला. मग खाली बसली. लग्न तीन आठवड्यांवर, नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला येणार, गादीवर हात दाबून बघणार, आणि मन्नूबियाच्या पोरीला गादी नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर तिनेच त्या बाईला फाडून खाल्लं असतं.

दोरसाफ कामावरून आली तेव्हा मन्नूबियाने आडपडदा ठेवला नाही. "मी तुझी लोकर नासवली," ती म्हणाली. "लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी नासवली. तुला काय बोलायचं ते बोल."

दोरसाफने पिशवी खाली ठेवली, गोळा हातात घेऊन पाहिला, आणि आईशेजारी बसली.

"उम्मी, आम्ही स्प्रिंगची गादी घेतली आहे. सूस शहरातून. मागच्या महिन्यातच."

मन्नूबियाने गोळा तिच्या हातातून काढून घेतला.

"तुला सांगणार होते. पण तू एवढ्या आनंदात होतीस. म्हटलं, धुऊ दे तिला. लोकरीची पाहुण्यांच्या खोलीत घातली असती."

"म्हणजे तूसुद्धा बघतच होतीस," मन्नूबिया म्हणाली. "वर उभी राहून."

दोरसाफचे डोळे भरून आले. मन्नूबियाला राग आला होता का? आला होता, पण कुणावर काढावा ते समजत नव्हतं. ती उठली, कांदा चिरला, मासळी घालून रव्याच्या कुसकुसचं पाणी चढवलं, आणि जेवताना दोघी तिखट फार झालं एवढंच बोलल्या.

दोन दिवस तिने लोकरीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरची स्वतःची गादी ओढून जमिनीवर घेतली आणि कात्रीने तिची शिवण उसवली. ही तिच्या लग्नातली गादी. दर दोन-तीन वर्षांनी उसवून धुवायची रीत, पण रमदान गेल्यापासून तिने तिला हात लावला नव्हता. मधोमध खड्डा पडून पाठीला पलंगाच्या पट्ट्या लागायच्या, तरी तशीच निजायची. लोकर पिवळी, धूळ धरलेली निघाली. तिने गाठोडं बांधलं.

शनिवारी ती रोजच्याच साध्या कपड्यांत गेली. इनेस मॅडमचा चेहरा पडला. "पोशाख?"

"धुवायला आले आहे, लग्नाला नाही."

त्या दिवशी तिने वर पाहिलंच नाही. थापी नाही, फेस नाही. एक एक मूठ पाण्यात सोडायची, मळ आपोआप सुटू द्यायची. बघणाऱ्यांना काही मजा आली नसावी, बरेचसे पोहण्याचा तलाव बघायला निघून गेले. विहिरीचं पाणी काढायला अनीस स्वतः आला, बाही वर सारून बादल्या ओढत राहिला. निघताना इनेस मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मोठी मंडळी येणार आहेत, आजी. हीच लोकर आणा, आणि पोशाख मात्र कराच."

"ही पुन्हा यायची नाही."

"मग गेटचं मला काही सांगता येणार नाही."

"नका सांगू," मन्नूबिया म्हणाली, आणि ओलं गाठोडं अनीसच्या डोक्यावर दिलं. तो आपला मुकाट्याने ते घेऊन आळीपर्यंत आला.

लोकर वाळली, फुलली. पिंजायला दोरसाफ येऊन बसली. आजवर तिने फण्या कधी हातात धरल्या नव्हत्या, औषधांच्या बाटल्या मोजणारी पोरगी ती. "अशी धरतात का फणी? नवऱ्याचे केस विंचरतेस की उपटतेस?" मन्नूबिया म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिची जीभ ठिकाणावर आली होती. दोघींनी मिळून गादी भरली, शिवली, गच्चीवर सावलीत टाकली. दोरसाफ गंमत म्हणून तिच्यावर आडवी झाली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"ऊठ आता, तुझी सूसची आहे ना," मन्नूबिया म्हणाली.

पुढच्या शनिवारी सकाळी दोरसाफ खाली कपड्यांची घडी घालत होती. आईचा फोन वाजला. इनेस मॅडम होत्या. पाहुणे येऊन उभे आहेत, लोकर बाजारातून आणवली आहे, आजींना लगेच पाठवा.

दोरसाफ फोन घेऊन जिन्यावर गेली. वर गच्चीवर, त्या पुन्हा भरलेल्या गादीवर मन्नूबिया कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून घोरत होती. एवढं ऊन वर येईपर्यंत निजलेली आई दोरसाफने जन्मात पाहिली नव्हती.

"उम्मी झोपली आहे," ती फोनवर हळू म्हणाली.

"मग उठवा की."

"नाही," दोरसाफ म्हणाली, आणि फोन बंद करून ती पावलांचा आवाज न करता खाली आली.