मंगफहून स्कॉटलंडला, व्हाया अबू हलीफा

आखातातल्या मंगफमध्ये, आमच्या घरी, स्कॉटलंडची तयारी जय्यत झाली होती. व्हिसाचे कागद जमवले, थंडीचे कोट घेतले, आणि किल्ला वाटणीला आलाच तर वरचा मजला कुणाचा, यावरून बायकोशी भांडणही उरकलं. कारण माझे पणजोबा, म्हणजे आईचे आजोबा, स्कॉटिश. बोटीवरचे इंजिनीयर. गुहागरकडच्या एका गावात त्यांनी पणजीशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि एके सकाळी "येतो" म्हणून जे गेले ते गेलेच.

पणजीने त्यानंतर घरात "येतो" हा शब्दच बंद केला. आईने तोच कायदा सासरी आणला. त्यामुळे आम्ही निघताना सरळ "जातो" म्हणतो. लोकांना ते अभद्र वाटतं, आम्हाला निदान खरं वाटतं. आईला किल्ला नकोच होता. फोनवर एवढंच म्हणाली, "तो इसरला का काय, तेवढा इचारून ये."

नातेवाईक शोधायला लेकीने माझी थुंकी नळीत भरून डीएनए तपासायला परदेशी पाठवली. एरवी मराठी माणसाच्या थुंकीला भिंतीपलीकडे मान नाही. उत्तर आलं: पणजोबांचा आणखी एक पणतू सापडला, ईअन नावाचा. मुक्काम, अबू हलीफा.

"बाबा, दॅट्स लिटरली टेन मिनिट्स," लेक म्हणाली. कोट कपाटात गेले.

ही यात्रा करू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारी सकाळी समुद्राकडच्या रस्त्याने निघावं. प्रवास दहा मिनिटं, पार्किंग शोधणं पस्तीस. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून मी वाटेतल्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, सव्वा दिनारचा बिस्किटांचा डबा घेतला. गाडीत वाचलं तर त्यावर स्कॉटलंडचंच नाव. गंगेला गंगेचंच पाणी.

इमारतीच्या हारिसने, रखवालदाराने, अडवलं.

"किधर?"

"तीसरा माला. गोरा साहब."

"कौन लगता है आपका?"

"भाई."

त्याने माझा सावळा चेहरा नीट पाहिला. "सगा?"

"सौतेला समझो."

मग त्याने लिफ्ट बंद असल्याचं सांगितलं.

ईअन पन्नाशीचा, टकला, बर्म्युड्यातला. माझ्यासारखाच तेलविहिरींच्या पंपांवर काम करणारा. रक्ताची ओढ अशी जबर, की पहिला अर्धा तास आम्ही इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रिन्यू करण्यावरच बोललो. किल्ल्याचं विचारलं. म्हणाला, दोन खोल्यांचं घर होतं, विकलं.

तेवढ्यात त्याच्या बहिणीचा फोन आला. बोलणं संपवताना तो म्हणाला, "येटो." पलीकडून तीही म्हणाली, "येटो."

मी कप खाली ठेवला. हे काय म्हणालास, विचारलं.

"आमच्या घरची पद्धत," तो म्हणाला. "पणजोबा कुणाला गुडबाय म्हणू द्यायचे नाहीत. दारातून निघताना हाच शब्द. जुनी गेलिक भाषा असावी. अर्थ कुणालाच माहीत नाही."

बहीणसुद्धा "येते" नाही, "येटो"च म्हणते. शिकवणारा पुरुष होता, आणि त्याचं व्याकरण पणजीने कधी तपासलं नव्हतं.

मी अर्थ सांगितला. ईअनने तो शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

"परत येईन? पण ते तर तिथून कधी हललेच नाहीत."

हो ना. दुसरं लग्न केलं, चार मुलं केली, आणि जन्मभर दारात "येतो" म्हणत राहिले. बोटीचं तिकीट तेवढं काढलं नाही. मला म्हाताऱ्याचा मनापासून राग आला. डोळेही भरून आले, पण ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

घरी आलो. किल्ला नाही, कोट वाया, बिस्किटं त्याच्याकडेच राहिली. आईला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे तिने पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हंजे इसरला नव्हता," ती म्हणाली.

"विसरले नव्हते. आले मात्र नाहीत."

"ता म्हायत हाय मला. तू निगताना त्याला काय म्हनालास?"

"जातो म्हणालो. आपली पद्धत."

"मंग आता परत जा," आई म्हणाली, "नि येतो म्हनून ये."