काकांना कुणी विचारलं?

आमची वहिनी बारा माणसांचा स्वयंपाक हसत करील, पण बारा माणसांचं एकमत करायला सांगितलं की तिचं डोकं उठतं. नशीब असं की तिच्या वाट्याला तेच काम आलंय, आणि तेही फुकट.

ती पाणी खात्यात आहे. नदीला पूर कधी येईल, जमिनीत पाणी किती मुरेल, याचं गणित मांडणारा एक प्रोग्राम आहे. तो कुणा कंपनीचा नाही. देशोदेशीची माणसं आपापली नोकरी सांभाळून तो लिहितात, दुरुस्त करतात. त्यांची मोट बांधायचं काम वहिनीकडे. इतकी वर्षं सगळं मेलवर चालायचं. एकानं प्रश्न पाठवला की तो सगळ्यांना जायचा, ज्याला येईल तो उत्तर द्यायचा. आता ती मेलची सोय बंद होणार होती आणि नवी जागा शोधायची होती.

वहिनीला एकाच माणसाची काळजी. नळवाले काका. पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर. प्रोग्रामातलं अर्धं गणित त्यांनी बसवलेलं, वहिनीलाही त्यांनीच शिकवलेलं. आता त्यांची नजर गेलीय. कॉम्प्युटर मेल मोठ्यानं वाचून दाखवतो, काका ऐकतात आणि उत्तर लिहितात. दिवसभरातला त्यांचा उद्योग तेवढाच.

प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुण पोरांना हवं होतं चॅट. त्यांचा म्होरक्या म्हणजे ताऱ्यांवर संशोधन करणारा एक उत्साही गडी, सगळे त्याला खगोल म्हणायचे. वहिनीनं काकांना चॅट लावून दिलं होतं एकदा. यंत्र बिचारं इमानदारीत वाचत बसलं: अमुकचं नाव, वेळ, हसरा चेहरा, हसरा चेहरा, अंगठा. काका म्हणाले, "पोरी, ही काय जत्रा आहे का?"

म्हणून वहिनीनं फोरम सुचवला. तिथं प्रत्येक प्रश्न वेगळा राहतो आणि शिवाय मेलनं घरपोच येतो. त्यावर पोरांच्या चॅटवर चर्चा सुरू झाली. कुणाला फोरम म्हाताऱ्यांचा वाटला, कुणाला त्याचा रंग आवडला नाही. वहिनी कणीक मळता मळता कोपरानं मोबाइल सरकवून वाचायची आणि करवादायची.

आमच्या आईनं एकदा डोकावून पाहिलं, तर पडद्यावर नुसते होकाराचे अंगठे. "एवढी शिकलेली माणसं, आणि सगळे अंगठेबहाद्दर?"

"सही करायला मत लागतं, आई. यांना नुसतं हो म्हणायचंय."

एका सकाळी खगोलचा निरोप आला: रातोरात मतदान झालं, चॅट प्रचंड बहुमतानं जिंकलं.

वहिनीनं त्याला फोनच लावला. "मतदान झालं कुठं रे?"

"चॅटवर, ताई."

"चॅट हवं का, हे चॅटवर विचारलंस?"

"मग कुठं विचारणार? सगळे तिथंच असतात."

"आणि जे नसतात?"

"त्यांनी मत दिलं नाही. म्हणजे त्यांना रस नसावा."

वहिनीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, ही माणसं नद्यांचा अंदाज बांधतात. कोरड्या विहिरीतसुद्धा मापाची पट्टी सोडतात. आणि इथं फक्त भरलेल्या विहिरी मोजून सांगतात, पाणी भरपूर आहे!"

"मग भांड की."

"भांडले. म्हणतात, ताईंच्या अंगात आलंय."

दादा म्हणाला, "सोड ना. पगार तरी देतात का?" त्यावर वहिनीनं असा कटाक्ष टाकला, की दादानं मुकाट्यानं चहाचे कप विसळायला घेतले.

पुढचे काही दिवस सगळे चॅटवर किलबिलत होते. मेलवर शुकशुकाट. मग काकांचा फोन आला. वहिनीचे हात पिठाचे, तिनं स्पीकर लावला.

"पोरी, टपाल शांत आहे. प्रोग्राम एकदम शहाणा झाला का काय?"

"तसं नाही, काका. सगळे चॅटवर गेलेत. मतदान झालं."

मग काकांनी चाचरत विचारलं, "मला विचारलं होतं का गं? हल्ली विसरायला होतं. मेल आला असेल आणि माझ्याकडूनच राहिलं असेल."

वहिनीच्या हातातला गोळा परातीत पडला.

"नाही, काका. तुम्ही नाही विसरलात. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

"हां. मग ठीक आहे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. त्यानं तर वहिनी जास्तच पेटली.

पिठाच्या हातांनीच तिनं मोबाइल ओढला. मोट तिच्याकडे होती, नियम मांडायचा आणि मोडायचा हक्कही तिचा. इतके दिवस तिनं तो वापरला नव्हता, भांडण नको म्हणून. तिनं चॅटवर लिहिलं: मतदान रद्द. पुन्हा होईल, आणि मेलवर होईल. ज्याला मेल उघडायचा कंटाळा, त्याला रस नसावा असं मी धरीन.

काचेवर पिठाचे ठसे उमटले. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. आज एकही अंगठा आला नाही.