मावसांचे शुभाशीर्वाद

आमच्या मावसांनी जेवढी लग्नं लांबवली, तेवढी अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणी लांबवली नसतील. मानपानाचे वाद, वरमाईचे रुसवे, बँडवाल्यांची भांडणं, वाटेत पंक्चर झालेली वऱ्हाडाची गाडी, हे सगळं एका पारड्यात टाका, मावसांचं पारडं तरीही जडच राहील. मावसा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान आणि त्यांच्या भागाचे दोन वेळचे आमदार. मतदारसंघ कुठला ते मी सांगणार नाही. सांगितलं तर मावशी मला दारात उभं करायची नाही. लातूर आणि नांदेडच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे.

आमच्याकडे अक्षता पडण्याआधी पुढाऱ्यांची भाषणं होतात, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगून खरं वाटत नाही. नवरदेव घामानं निथळतोय, नवरी शालूत गुदमरलीय, हजारभर माणसं मुठीत अक्षता आवळून उभी आहेत, आणि गुरुजींच्या शेजारी माइक धरून पुढारी 'शुभाशीर्वाद' देतोय, हे आमचं नेहमीचं दृश्य. आमदार येईपर्यंत लग्न लावायचं नाही, यातच यजमानाची इज्जत. मावसांचा हिशेब साधा होता: रस्ता केला तर लोक पुढच्या पावसाळ्यात शिव्या देतात, पण 'साहेब आपल्या पोरीच्या लग्नाला आलते' हे मरेपर्यंत सांगतात. म्हणून लग्नसराईत ते सकाळी किल्लारीला, दुपारी अहमदपूरला आणि दिवस कलताना थेट हदगावला. मतदाराचा मेहुणा तिकडचा असला तरी चालायचं, जायचं म्हणजे जायचं. आणि सगळीकडे उशिरा. हिंदूचं लग्न असो, बौद्धाचं असो की मुसलमानाचा निकाह असो, उशीर करण्यात मावसांनी कधी भेदभाव केला नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. मुहूर्त सकाळचा. मावसा आले तेव्हा स्वयंपाक्यांनी भात दुसऱ्यांदा टाकला होता. मला वाटलं, घरचंच कार्य आहे, जरा आवरतं घेतील. कसलं काय! सोयाबीनच्या भावावरून ते उजनीच्या पाण्यावर गेले, तिथून रेल्वेच्या प्रश्नावर आले, विरोधकांचा नीट समाचार घेतला आणि शेवटी सवयीनं हात जोडून म्हणाले, येत्या वीस तारखेला आपल्या चिन्हासमोरचं बटण दाबून प्रचंड मतांनी विजयी करा. वधूवरांना आशीर्वाद द्यायचे राहूनच गेले. आमच्या घरी भांडण झालं की बायको अजून म्हणते, तुमच्या मावसांनी आशीर्वाद दिला असता तर बरं झालं असतं.

लग्नांसारख्याच मयतीही ते सोडत नसत. एकदा एका गावात दोन भावांपैकी थोरला वारला. मावसा गाडीतून उतरले ते तडक स्मशानात, आणि घाईघाईत श्रद्धांजली वाहून मोकळे झाले धाकट्याला. कसा दिलदार होता, कसा गावाचा आधार होता, असा माणूस पुन्हा होणे नाही. धाकटा समोरच उभा, टॉवेलानं डोळे पुसतोय. कार्यकर्त्यानं मावसांचा सदरा ओढला तोवर भाषण संपलं होतं. दुसरा कुणी असता तर गावानं हाकलून दिला असता. पण तो धाकटा कायमचा मावसांच्या पाठीशी उभा राहिला. म्हणायचा, माझ्याबद्दल एवढं चांगलं बायको न्हाई बोलली की भाऊ न्हाई, साहेब बोलले. अशी मतं मावसांनी जोडली होती, आणि पक्षाचा त्यात काही संबंध नव्हता. पक्ष तर त्यांनी इतके बदलले की मावशीकडे दर रंगाचं उपरणं निघायचं. जुनी उपरणी ती पापड वाळवताना झाकायला वापरायची. दर वेळी विचारलं की मावसांचं उत्तर एकच, 'जनतेच्या विकासासाठी करायलो बापू.' तो विकास अजून यायचाय. आमच्या गावच्या ओढ्यावरच्या पुलाला त्यांनी दर निवडणुकीआधी नारळ फोडला. पोरं अजूनही पँट वर करून शाळेत जातात. विधानसभेत म्हणाल तर मावसा दहा वर्षांत एकदाच उठून बोलले, तेही एसी कमी करा म्हणून.

असे हे मावसा तिसऱ्यांदा उभे राहिले आणि त्यांनी एक अशी चूक केली, जी फक्त आमदारालाच सुचू शकते. एकुलत्या एका लेकीचं लग्न त्यांनी मतमोजणीनंतरच्या आठवड्यात धरलं. मुलाकडच्यांना वैशाख सोयीचा होता, मावशीलाही. पण मावसांच्या डोक्यात वेगळंच होतं. निकाल लागणार, गुलाल उधळणार, कदाचित मंत्रिपदही पदरात पडणार, आणि त्याच आठवड्यात लेकीच्या लग्नाला सगळा महाराष्ट्र लोटणार. पत्रिका छापून आली ती सभेच्या जाहिरातीसारखी. वरच्या अर्ध्यात पुढाऱ्यांची नावं आणि पदं. वधूवर खाली, जिथं सहसा मंगल कार्यालयाचा पत्ता असतो तिथं.

लेक आमची गुणी. नांदेडला दातांची डॉक्टर आहे. वडिलांसमोर कधी उलटून बोलली नाही, पण लहानपणापासून त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून तिनं किती नवऱ्या ताटकळत उभ्या राहिलेल्या पाहिल्या होत्या ते तिचं तिला ठाऊक. पत्रिका हातात घेऊन ती मला म्हणाली, "दादा, मला दागिने नकोत, शामियाना नको. माझं लग्न तेवढं येळेवर लागंल का, बघ." मी हसण्यावारी नेलं, पण मला माहीत होतं की हे माझ्या हातात नाही. मावसा निवडून आले तर पोरीच्या लग्नाची सभा होणार, हे अगदी ठरलेलं होतं. आमच्या घरात ती निवडणूक अशी विचित्र झाली. मावसा जिंकावेत म्हणून सारे देव पाण्यात, आणि लेक नेमकं काय मागत होती ते कुणाला विचारवत नव्हतं.

समोर उभा होता मावसांच्याच हाताखाली तयार झालेला एक तरुण गडी. त्याला भाषण अजिबात जमायचं नाही, तेच त्याच्या पथ्यावर पडलं. तो लग्नाला मुहूर्ताआधी पोचायचा, लोकांत उभा राहून अक्षता टाकायचा, जेवायचा आणि जायचा. बायकांनी त्याचं फार कौतुक केलं. मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत मावसांच्या अंगणातली गर्दी चहाचे कप तिथेच ठेवून पांगली. गुलालाची पोती ओसरीवर तशीच पडून राहिली. मावसा पडले, आणि थोडेथोडके नाही, सपशेल पडले.

मावशी म्हणाली, शामियाना निम्मा करू. मावसा ऐकेनात. पुढाऱ्यांसाठी मांडायचे सोफे तेवढेच मांडा, म्हणाले, माणसं शब्द पाळणारी आहेत. दोन दिवस ते स्वतः फोन करत होते. कुणी मिटिंगमध्ये होते, कुणी दिल्लीला निघाले होते, आणि बाकीच्यांनी शुभेच्छा कळवल्या. दर फोननंतर ते मला सांगायचे, येणार म्हणलेत.

लग्नाच्या दिवशी ते सोफे तसेच रिकामे. पांढऱ्या खोळी घालून पहिल्या रांगेत मांडलेले, आणि मागं साधी माणसं खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेली. मुहूर्त जवळ आला. नवरदेव आला, लेक आली, अंतरपाट धरला. गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग मावसांकडं पाहिलं. मावसा फाटकाकडं बघत होते. हात वर करून म्हणाले, थांबा जरा, येत असतील. रस्त्यावरून एखादी पांढरी गाडी गेली की ते टाचा उंचावायचे, आणि गाडी पुढं निघून जायची. गुरुजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मावसा पुन्हा म्हणाले, पाच मिनिटं. लोकांना काही नवीन नव्हतं. म्हाताऱ्यांनी अक्षता या हातातून त्या हातात घेतल्या. अंतरपाटाआडून लेकीनं एकदाच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला मावसांचा इतका राग आला की ते पडले याचं बरं वाटलं.

मावशी लेकीच्या शेजारून हलली आणि त्यांच्यापाशी गेली. जन्मात चारचौघांत नवऱ्यापुढं न बोललेली बाई. हळूच म्हणाली, "आवं, कुणाची वाट बघायलाव? पोरगी उभी हाय."

मावसांनी पोरीकडं पाहिलं. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. शामियानाभर एक सुस्कारा उमटला. मागच्या रांगेतले दोघेतिघे तंबाखू काढत बाहेर निघाले. मावसा माइक धरून उभे राहिले. सवयीनं त्यावर दोनदा टिचकी मारली. शेवटी म्हणाले, "मी हिचा बाप हाय. येळ झाली. गुरुजी, लावा लग्न."

गुरुजी इतके गडबडले की पहिली ओळ विसरले. मग मंगलाष्टका सुरू झाल्या, अक्षता पडायला लागल्या. मावसा मंचाच्या खाली, लोकांत येऊन उभे राहिले. हातात अक्षता घ्यायचं त्यांना सुचलं नाही, कारण माइक अजून हातातच होता, आणि चालू होता. दुसऱ्या मंगलाष्टकेच्या मधेच त्यांच्या रडण्याचा आवाज साऱ्या शामियान्यात, पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायला लागला. त्यांचं त्यांना कळलं नाही. माइक काढून घ्यायला कुणीच पुढं गेलं नाही.