सेठजींचा पूर्ण सपोर्ट

देवासच्या सोयाबीनच्या कंपनीत मला घेतलं ते एका अटीवर. बदनावर आणि खातेगाव इथल्या गोदामांतला माल कॉम्प्युटरवर दिसायला लागला, की मी पक्की. नाहीतर घरी. आणि घरी आजारी आई, माझ्याशिवाय कमावणारं दुसरं कोणी नाही.

कंपनीचे मालक सेठजी कशालाच नाही म्हणायचे नाहीत, हीच तर पंचाईत. सर्व्हर मागितला, आला. एसी मागितला, आला. दसऱ्याला त्यांनी स्वतः कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बेटी को मेरा पूरा सपोर्ट है." मला आभाळ ठेंगणं झालं. पण सेठजींनी घातलेला हार काढायची छाती कुणाची? सेठजी गेले इंदूरला, हार स्क्रीनवरच सुकला, पाकळ्या कीबोर्डात. शेवटी वैतागून मीच ओढला, तर अकाउंटवाले असे बघायला लागले, जणू मी देवळातली घंटा चोरली.

तरीही बदनावरचे आकडे काही येईनात. मी उठले आणि गेले. गोदाम सांभाळणारे काका धारचे, आपले मराठी. त्यांनी आधी चहा पाजला. मी चिडलेलीच होते.

"काका, तुम्ही भरत का नाही?"

"अगं बाई, मालक रोज सकाळी फोन करून माल विचारतात, मी सांगतो. तुझ्या मशीनला विचारतंय कोण? मालक तिच्यात बघायला लागू दे, मी त्याच दिवशी भरतो."

मी उरलेला चहा संपवला आणि देवासची बस पकडली.

परत येऊन मी सेठजींना म्हटलं, रोज एकदा तुम्ही स्वतः स्क्रीन बघा. "क्यों नहीं, बेटा," म्हणत त्यांनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. माझ्यासाठी त्यांना चांगलं झापलं, सिस्टिममध्ये भरलंच पाहिजे म्हणून. मला भरून आलं. मग त्याच दमात विचारलं, "अच्छा, आज कितना माल है?"

त्या दिवसापासून काका भरायला लागले. रोज तोच आकडा, खरा माल मात्र फोनवरच.

होळीनंतर सेठजींनी बोलावून घेतलं. समोर मिठाईची प्लेट. कॉम्प्युटरचं काम बंद करतोय म्हणाले, आवाजात राग अजिबात नाही. "एक बात बता बेटा, मैंने कभी किसी चीज़ के लिए मना किया?"

मी आठवून आठवून पाहिलं. खरंच नव्हतं केलं.

"नहीं, सेठजी."

घरी येऊन आईला सगळं सांगायला बसले. सर्व्हर, एसी, दसऱ्याची पूजा, काकांना झापलं तेही. सांगता सांगता माझंच डोकं गरगरायला लागलं. एवढं सगळं दिलं माणसाने, मग अडलं कुठे?

आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली.

मी मान डोलावली.